लेकराला घेऊन वेरूळ

दोन वर्षांच्या लेकराला वेरूळला न्यायचं ठरलं की घरात आधी लेण्यांचीच चर्चा सुरू होते. खरा प्रश्न वेगळा असतो: लेकरू दुपारी किती वाजता झोपतं? एक ते दोन वर्षांच्या लेकराला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते आणि त्यातले दीड-दोन तास दुपारचे असतात. ती झोप मोडली तर संध्याकाळ रडण्यात जाते, रात्रीची झोपही बिघडते. म्हणून आम्ही दिवसाची आखणी उलटीकडून करतो. झोप साडेबाराला असेल तर साडेअकराला गाडीत बसलेलं हवं. त्याआधी अर्धा तास जेवणाला. संभाजीनगरहून वेरूळ सुमारे ३० किलोमीटर, म्हणजे पाऊण ते एक तास. सकाळी साडेसहाला घर सोडलं तर साडेसातला दारात. उरले साडेतीन तास, त्यातला अर्धा तास खाण्यात आणि लंगोट बदलण्यात जातो.

तीन तासांत चौतीस लेणी होत नाहीत. एक कैलास आणि एखादं दुसरं, एवढी नीट होतात. हे मनाशी आणि बरोबर येणाऱ्या पाहुण्यांशीही आधीच पक्कं करावं. 'आलोच आहोत तर जैन लेणीपण बघून घेऊ' हे वाक्य अकरा वाजता कुणीतरी म्हणतंच आणि तिथून पुढे दिवस घसरतो.

सकाळच धरायची याला आणखी एक भक्कम कारण आहे. वेरूळची लेणी ज्या कड्यात कोरली आहेत तो पश्चिमेकडे तोंड करून आहे. त्यामुळे सकाळी ऊन कड्याच्या पाठीमागे असतं आणि कैलासाचं आवार बराच वेळ सावलीत राहतं. दुपारनंतर तेच ऊन समोरून थेट आत येतं. छायाचित्रं काढणाऱ्यांना दुपारचा उजेड आवडतो, लेकराच्या पायांना सकाळचा दगड मानवतो. हा काळा कातळ तापला की अनवाणी पाऊल टेकवत नाही, आणि लेकरू चप्पल कधी काढून फेकेल याचा भरवसा नसतो.

महिने म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून मराठवाड्यात दहानंतरचं ऊन या वयाला झेपत नाही. एप्रिल-मे तर सोडूनच द्यावेत. पावसाळ्यात डोंगर हिरवागार होतो, कड्यावरून धबधबे कोसळतात, पण दगडावर शेवाळ धरतं. आपण सांभाळून चालू शकतो, कडेवर १२ किलोचं लेकरू असताना तोल सावरणं फार अवघड जातं.

मंगळवारी वेरूळ बंद असतं. (अजिंठ्याची सुट्टी सोमवारी. या दोहोंत गल्लत करून दारातून परत फिरणारी कुटुंबं दर हंगामात दिसतात.) श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीला घृष्णेश्वराची गर्दी असते. हनुमान जयंतीला आणि श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीला पायी जाणाऱ्यांनी खुलताबादचा रस्ता रात्रभर भरलेला असतो. हे दिवस टाळावेत. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली येतात. दहाच्या सुमाराला एकापाठोपाठ एक बस रिकाम्या होतात आणि कैलासाच्या आवारात शेकडो पोरांचा गलका घुमतो. काही लेकरं त्या आवाजाने खूश होतात, काही गळ्याला मिठी मारून सोडतच नाहीत. आपलं लेकरू दुसऱ्या जातीचं असेल तर दहाच्या आत कैलास आटोपलेला बरा.

आता जाणं. स्वतःची कार असेल तर लेकराची खुर्ची मागच्या सीटवर बांधावी. पुढे आईच्या मांडीवर बसवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, पण करकचून ब्रेक लागला तर हातात धरलेलं लेकरू हातात राहत नाही, आणि पुढची एअरबॅग एवढ्या लहान जिवाला इजा करते. दौलताबादनंतर घाट लागतो, वळणं आहेत. प्रवासात मळमळण्याचा त्रास साधारण दोन वर्षांपुढे सुरू होतो, म्हणून निघण्याआधी पोटभर दूध पाजू नये. अर्धी दशमी किंवा अर्धं केळं पुरे. दूध दोन घोट, तेही निघायच्या तासभर आधी. शनिवार-रविवारी दौलताबादच्या दिल्ली दरवाज्यापाशी रस्ता अरुंद होतो आणि वाहनं तुंबतात. साडेसहाला निघण्याचा हाही एक फायदा.

मोटारसायकलवर नेणाऱ्यांसाठी नियम स्पष्ट आहे. ९ महिने ते ४ वर्षांच्या लेकरासाठी चालवणाऱ्याला बांधायचा सुरक्षापट्टा आणि लेकराच्या मापाचं हेल्मेट लागतं, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नेता येत नाही. फेब्रुवारी २०२३ पासून हे लागू आहे. पुढे टाकीवर बसवलेल्या लेकराला सकाळची गार हवा थेट छातीवर लागते आणि डुलकी लागली की मान हँडलवर आदळते. पट्टा नसेल तर एसटी बरी. मध्यवर्ती बसस्थानकातून वेरूळकडे गाड्या जातात. ५ वर्षांखालच्या लेकराला तिकीट नाही, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना प्रवास मोफत. अंगावर पाजायचं असेल तर बसस्थानकावर हिरकणी कक्ष कुठे आहे ते आधी विचारून ठेवावं. काळीपिवळीत मात्र लेकराला घेऊन बसू नये. माणसं कोंबून भरतात आणि भरल्याशिवाय निघत नाहीत. तेवढ्यात लेकराचा धीर संपतो.

बाबागाडी घरीच ठेवायची. आतली वाट आखीव आहे, पण प्रत्येक लेण्याला उंबरे आहेत, पायऱ्या आहेत, आणि मग गाडी उचलायला एक माणूस, लेकराला उचलायला दुसरा. दोन वर्षांचं लेकरू ११-१२ किलोचं असतं. कमरेला पट्टा असलेली पाठीवरची झोळी असेल तर वजन खांद्यांवर न येता कमरेवर येतं आणि दोन्ही हात मोकळे राहतात. पट्टा कमरेच्या हाडावर घट्ट बसला पाहिजे, पोटावर नाही. लेकराचे गुडघे बुडापेक्षा थोडे वर यावेत आणि मांड्यांना पूर्ण आधार मिळावा. पाय नुसते लोंबकळत असतील तर दहा मिनिटांत ते कुरकुरायला लागतं. आजीच्या सुती लुगड्याची झोळीही चालते, पण ती बांधता येणारं माणूस बरोबर हवं. पंधरा-वीस मिनिटांनी उचलणारा बदलायचा. दमलेल्या माणसाचा पाय पायरीवर चुकतो.

डबा आदल्या रात्रीच तयार व्हावा, आणि त्यात दशम्यांसारखं दुसरं काही नाही. एक वाटी कणकेला पाव वाटी किसलेला गूळ आणि अर्ध्या वाटीला थोडं कमी दूध लागतं. अर्धी कणीक, अर्धं ज्वारीचं पीठ घेतलं तर चव मराठवाड्याची येते, फक्त लाटताना कडा फाटतात, म्हणून हाताने थापावी. गूळ कोमट दुधात विरघळवायचा. कडक दुधात टाकला तर दूध फाटतं. पाणी अजिबात नको, पाण्याने दशमी लवकर खराब होते. पीठ घट्ट मळून वीस मिनिटं झाकून ठेवावं, जाडसर दशम्या कराव्यात आणि मंद आचेवर तूप सोडून भाजाव्यात. आच मोठी झाली की गूळ करपतो आणि आत पीठ कच्चं राहतं. पूर्ण गार झाल्यावरच सुती फडक्यात गुंडाळायच्या. गरम असताना डब्यात भरल्या तर वाफेचं पाणी सुटतं आणि सकाळपर्यंत चिकट होतात. थंडीत दुसऱ्या दिवशीही चांगल्या राहतात, उन्हाळ्यात त्याच दिवशी संपवाव्यात. एका लेकराला दोन पुरतात, पण चार कराव्यात, कारण मोठ्यांनाही त्याच हव्या असतात. मोठ्यांसाठी धपाटे आणि ठेचा वेगळ्या डब्यात ठेवावा. ठेच्याचा हात लेकराच्या डोळ्याला लागला तर पुढचा अर्धा तास त्यातच जातो.

जेवणाला मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, थर्मासच्या डब्यात. डब्यात आधी उकळतं पाणी भरून पाच मिनिटं झाकून ठेवावं, ते ओतून लगेच वाफाळती खिचडी भरावी. असं केलं तर अकरा वाजता ती गरम निघते. डब्यात ती घट्ट होत जाते, म्हणून छोट्या थर्मासमध्ये गरम पाणी वेगळं न्यावं आणि वाढताना मिसळावं. साध्या डब्यातला गार भात दोन तासांपुढे देऊ नये. बाटलीतलं कोमट दूधही तसंच. ज्वारीच्या लाह्या आपल्याकडे सगळ्यांच्या आवडीच्या, पण या वयाला सुट्या लाह्या ठसका लावतात. त्यांचं पीठ करून न्यावं, आयत्या वेळी दूध-गूळ घालून कालवलं की दोन मिनिटांत खाऊ होतो. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं यांपैकी काहीही चालत्या गाडीत किंवा चालताना देऊ नये. श्वासनलिकेत दाणा अडकण्याचा धोका चार-पाच वर्षांपर्यंत राहतो. द्राक्षं उभी चिरून चार तुकडे करावीत, शेंगदाणा लाडवात कूट होऊनच यावा. सीताफळाच्या दिवसांत दौलताबाद-खुलताबादच्या रस्त्यावर टोपल्या मांडलेल्या असतात. गर चाळणीवर घासून बिया पूर्ण काढल्यावरच द्यावा. फोड तोंडात देऊन 'बी थुंक' म्हणणं दोन वर्षांच्या लेकराला समजत नाही.

पाणी लेकरासाठी एक लिटर, घरचं उकळून गार केलेलं. सोबत ओआरएसची पाकिटं. छोटं ४.२ ग्रॅमचं पाकीट २०० मिलिलिटर पाण्यात पूर्ण टाकायचं, मोठं २१ ग्रॅमच्या आसपासचं एक लिटरात. अर्धं पाकीट अंदाजाने टाकू नये, क्षारांचं प्रमाण बिघडतं. खोक्यातली तयार गोड पेयं हे ओआरएस नव्हे. कपडे दोन जोड, लंगोट पाच, त्यांतला एक गाडीतच वेगळा ठेवलेला. वापरलेला लंगोट परत आणायला झिपची पिशवी. कानटोपी आणि उन्हाची टोपी दोन्ही, कारण डिसेंबरमध्ये सकाळी सातला हुडहुडी भरते आणि दहाला घाम येतो. स्वेटरऐवजी पातळ कपड्यांचे दोन-तीन थर घालावेत, म्हणजे एकेक काढत जाता येतात.

तिकीट आदल्या दिवशी ऑनलाइन काढलं तर रांग वाचते. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. लंगोट सुटलेल्या लेकराला प्रवेशद्वाराच्या परिसरातल्या शौचालयात नेऊनच पुढे जायचं, लागली नसली तरी. लेण्यांच्या आवारात कोपऱ्यात बसवणं अगदी चूक.

आणि मग कैलास. सोळा क्रमांकाचं लेणं, आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळाशी जोडलेलं. वरून खाली कोरत आणलेलं एकसंध मंदिर. ही माहिती मोठ्यांसाठी. लेकरासाठी कैलासाचं मोल वेगळंच आहे: तिथे त्याला सोडून देता येतं. मंदिराभोवतीचं खालचं आवार सपाट आहे, तिन्ही बाजूंना ३० मीटरच्या आसपास उंच कातळ आहे, आणि बाहेर पडायला समोरचं एकच दार. एक माणूस त्या दाराशी उभा राहिला की लेकरू कुठेही पळालं तरी आवारातच. मराठवाड्यात बागा बऱ्याच असतील, पण इतकं भक्कम बंदिस्त अंगण मला दुसरं ठाऊक नाही.

दारातून आत आलं की समोर गजलक्ष्मीचं शिल्प आहे. कमळांच्या तळ्यात लक्ष्मी बसलेली आणि हत्ती तिच्यावर सोंडेने पाणी ओतताहेत. इथे थांबायचं. दोन वर्षांच्या लेकराला देव कळत नाही, अंघोळ कळते. 'हत्ती काय करतोय?' एवढंच विचारावं. उत्तर आलं नाही तर आपणच डोक्यावरून पाणी ओतण्याची खूण करावी. मग डावीकडे वळावं, म्हणजे प्रदक्षिणेच्या दिशेने जाणं होतं. डाव्या आणि उजव्या, दोन्ही बाजूंच्या अंगणांत एकेक मोठा दगडी हत्ती सुटा उभा आहे आणि जवळ उंच ध्वजस्तंभ. हत्ती खऱ्या हत्तीएवढा आहे, त्यामुळे काही लेकरं आधी बिचकतात. लगेच जवळ नेऊ नये. पाच-सहा पावलांवर उकिडवं बसावं आणि लेकराला आपल्या गुडघ्याला टेकून बघू द्यावं. भीती गेली की ते आपण होऊन पुढे जातं. हत्तीवर बसवून फोटो काढण्याचा मोह अजिबात नको. बाराशे वर्षांचा दगड आहे, त्याला हात लावायला किंवा त्यावर चढायला लहानपणापासून शिकवायचं नाही. 'बघायचं, हात पाठीमागे' हा खेळ दोन वर्षांचं लेकरू आनंदाने खेळतं, आपण खेळलो तर.

पुढे मंदिराच्या जोत्याला सगळीकडून हत्ती आणि सिंह आहेत, जणू मंदिर त्यांच्याच पाठीवर उभं आहे. हाच लेकराचा खरा कैलास. हत्ती एकामागून एक येत राहतात, आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला मिळणं या वयाला फार आवडतं. मागच्या बाजूला ओवऱ्या आहेत, खांब आहेत. खांबाआडून डोकावण्याचा खेळ तिथे रंगतो. जमीन मात्र सगळीकडे सारखी नाही. ओवऱ्यांचं जोतं आणि अंगण यांत अंतर आहे, काही ठिकाणी दगडात खळगे आहेत. लेकराच्या पायात पातळ, लवचीक तळव्याचा, मागून बंद असलेला बूट हवा. लाल दिवा लुकलुकणारा, चुंचूं वाजणारा बूट घरी ठेवा, इतरांना त्रास होतो. उजव्या बाजूने परत येताना कैलास उचलणारा रावण लागतो. हे शिल्प आपल्याला थक्क करतं. लेकराला त्यात फारसं काही दिसत नाही, एवढे हातपाय एकात एक गुंतलेले त्याला उलगडत नाहीत. तिथे ओढून ठेवू नये. मोठ्यांनी आळीपाळीने जाऊन बघावं.

वरच्या मजल्याचा जिना अरुंद आहे, पायऱ्या उंच आहेत, आत अंधार आहे. लेकरू झोळीत असेल आणि एक हात भिंतीला असेल तरच चढावं. वर काही कडांना कठडा नाही. तिथे लेकराला खाली उतरवायचंच नाही, पाच सेकंदांसाठीही नाही. गाभाऱ्यात चपला काढून जावं लागतं, उतरताना वजन पुढे झुकतं. दोन मोठी माणसं असतील तर एकाने वर जावं, दुसऱ्याने खाली हत्तीपाशी लेकराजवळ थांबावं, मग अदलाबदल. डोंगरावरून कैलास बघण्याची वाट या वयात सोडूनच द्यावी.

कैलासाला दीड तास लागतो. मग बाहेर झाडाखाली सतरंजी टाकून दशमी. इथे वानरं असतात. प्लास्टिकच्या पुड्याचा चुरचुर आवाज झाला की ती जवळ येतात. म्हणून खाऊ स्टीलच्या डब्यात, पिशवी झिप लावलेली, आणि लेकराच्या हातात एका वेळी एकच घास. वानर जवळ आलंच तर लेकराला उचलून उभं राहावं, खाणं झाकावं, दात विचकून हसू नये, काही फेकून मारू नये. कड्यावर आग्या मोहोळं लटकलेली दिसतात. अत्तर लावून येऊ नये, मोहोळाखाली थांबू नये, कुणी दगड मारत असेल तर लगेच दूर जावं. माश्या उठल्याच तर हात न झाडता, लेकराचं तोंड आणि डोकं ओढणीत गुंडाळून झपझप लांब निघावं.

दुसरं लेणं कुठलं, याबाबत आमचं मत ठाम आहे: दहा नंबरचं, विश्वकर्मा. सुताराचं लेणं म्हणूनही ओळखतात. छताला लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या, समोर बसलेली बुद्धमूर्ती, आणि आवाज घुमतो. उन्हातून एकदम अंधारात नेलं तर लेकरू रडतं, कारण त्याला काहीच दिसत नसतं. दाराच्या आत दोन मिनिटं बसावं. डोळे सरावले, बुद्धाचा चेहरा दिसायला लागला की ते आपणच बोट दाखवतं. मग हळू आवाजात एक 'ओ' म्हणायचा आणि घुमून आलेला आवाज ऐकायचा. आणखी कुणी नसेल तेव्हाच, आणि तेवढ्यापुरताच. कुणी ध्यानाला बसलेलं असेल तर हेही नको. बॅटरी नेलीत तर प्रकाश आधी आपल्या तळहातावर पाडून दाखवावा, अंधारात अचानक भिंतीवर सोडला तर वटवाघळं उडतात. बारा नंबरचं तीन ताल लेणंही जवळच आहे. त्याचं अंगण प्रशस्त आहे, धावायला बरं. वरच्या मजल्यांच्या पायऱ्या लेकरासाठी नाहीत. उत्तरेकडची जैन लेणी सुंदर आहेत, बत्तीस नंबरच्या इंद्रसभेच्या अंगणातही हत्ती आहे, पण ती दूर आहेत. तीन वर्षांपुढे, वेगळ्या दिवशी.

बरोबर आजी असेल तर घृष्णेश्वर होणारच, आणि व्हायलाच हवं. लेण्यांपासून देऊळ एक-दीड किलोमीटरच्या आत आहे. लेकराला रांगेत उभं करण्याऐवजी दोन गट करावेत: आजी आणि एकजण दर्शनाला, लेकरू आणि दुसरं माणूस बाहेर. गाभाऱ्यात पुरुषांना उघड्या अंगाने जावं लागतं, दमट असतं, गर्दी रेटते. कडेवरचं लेकरू तिथे घाबरतं. दर्शन सकाळी साडेसातलाच उरकून मग लेणी, असा उलटा क्रमही सोमवार सोडून चालतो, पण कैलासातली गार सावली मग थोडी कमी मिळते. अहिल्याबाई होळकरांनी बांधलेलं शिवालय तीर्थ जवळच आहे. खाली पाण्यापर्यंत उतरत जाणाऱ्या पायऱ्यांचं ते कुंड वरूनच दाखवावं, लेकराचं मनगट धरून. बोटं धरली तर ते हिसडा मारून सुटतं.

तब्येतीच्या दोन-तीन गोष्टी मोठ्यांनी पाठच कराव्यात. लेकराने सहा तास लघवी केली नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, जीभ कोरडी, अंग तापलेलं आणि ते मलूल पडलंय, अशा वेळी फिरणं थांबवून थेट दवाखाना. गार पाण्याने अंग पुसत न्यावं, शुद्धीत असेल तर ओआरएस चमच्याचमच्याने पाजत. बंद गाडीत लेकराला 'झोपलंय, राहू दे' म्हणून एकटं सोडू नये, काच थोडी उघडी ठेवूनही नाही. वाटेकडेचे सुटे दगड उलटायची लेकरांना हौस असते आणि मराठवाड्यात दगडाखाली विंचू असतो. चावला तर मंत्र, बिब्बा, चुना यांत वेळ घालवू नये. लाल विंचवाचं विष हृदयावर परिणाम करतं आणि लहानग्यांना ते फार लवकर गाठतं. त्यावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडतं हे दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे आपल्याच जालना जिल्ह्यातले. सरकारी दवाखाना गाठायचा, वाहन नसेल तर १०८ ला फोन करायचा, आणि विंचू कधी चावला ती वेळ लिहून ठेवायची.

वेरूळ अंगवळणी पडलं की बाकीची ठिकाणं याच मापाने निवडता येतात. बीबी का मकबरा संध्याकाळी उत्तम, वाटा सपाट आहेत, फक्त पाण्याच्या पाटांच्या कडेला हात धरावा. पाणचक्कीला हौदातले मासे बघायला अर्धा तास पुरतो. दौलताबादला चांद मिनार आणि भारतमातेच्या मंदिराचं अंगण एवढंच, वरची अंधारी (काळोखी भुयारी वाट) आणि बालेकिल्ला नाही. थंडीत नाथसागराच्या काठावर पक्षी येतात, तिथे दुर्बिणीपेक्षा किनाऱ्यापासूनचं अंतर महत्त्वाचं. अजिंठा चार वर्षांखाली नेऊ नये असं मला वाटतं. फर्दापूर फाट्यापासून बस बदलायची, मग चढ, चित्रांच्या लेण्यांत अंधुक उजेड, चपला काढणं-घालणं. लेकराच्या हाती त्यातलं काही लागत नाही, आणि आई-बापांना चित्रांसमोर दोन मिनिटं शांत उभं राहता येत नाही. ती चित्रं तशी बघायची नसतात.

परतताना खिचडी भरवून, लंगोट बदलून साडेअकराला गाडीत बसवलं की खुलताबाद येईपर्यंत डोळे मिटतात. घरी पोचल्यावर झोपेतून काढून खाली ठेवायची घाई करू नये. एकाने गाडीत शेजारी बसून राहावं, गाडी सावलीत आणि काचा खाली. उठल्यावर आधी पाणी, मग कोमट पाण्याने अंघोळ. कानामागे, मानेच्या घडीत आणि गुडघ्यांच्या मागे घामोळं किंवा गोचीड नाही ना ते बघावं, कारण वेरूळच्या आवारात गुरं आणि कुत्री फिरतात. झोळीचे पट्टे धुऊन उन्हात टाकावेत, थर्मासच्या डब्याचं रबर काढून वेगळं घासावं, त्याच्याखाली खिचडीचे कण राहतात आणि पुढच्या वेळी आंबूस वास येतो. दुसऱ्या दिवशी कुठेही जाऊ नये. झोप पुन्हा जागेवर यायला या वयात एक दिवस तरी लागतो. त्या दिवशी लेकरू घरभर हत्ती शोधत फिरतं, त्याला एक उशी आणि बादलीभर पाणी दिलं की गजलक्ष्मीची अंघोळ सुरू होते. फरशी पुसायचं फडकं मात्र हाताशी ठेवावं.